सत्त्याहत्तर की एकशे सत्त्याहत्तर?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांनी दिलेल्या व्याख्यानांपैकी सी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदाचे हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडेफार नीटनेटके करून देत आहोत. बोलण्याची धाटणी मुद्दाम तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विसाव्या मिनिटाला बटाटेवडे येणार आहेत, तेव्हा मी वेळ पाळणार याची खात्री बाळगा. मला 'तिकीटसंग्रहाचा छंद' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. छंदावर भाषण म्हटलं की मन कसं ताजं राहतं, मुलांचं सामान्यज्ञान कसं वाढतं, असं काहीतरी बोलावं लागतं. ते मला जमत नाही. मी तुम्हाला एका तिकिटाची गोष्ट सांगतो. एकाच. अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं, विटकरी लाल रंगाचं, इंग्लंडमधलं, जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचं.

हे तिकीट आपल्या बी विंगमधल्या वहिनींचं. त्यांची परवानगी घेतली आहे. त्या समोरच बसल्या आहेत आणि मी काही तिखटमीठ लावलं तर तिथल्या तिथे टोकणार आहेत.

तर, गणपती होऊन गेले होते. आपल्या इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा ठराव नुकताच पास झाला होता आणि प्रत्येक फ्लॅटमागे किती पैसे भरायचे याचा कागद नोटीस बोर्डावर लागला होता. तो आकडा कुणालाच आवडला नव्हता, मलाही नाही. अशात एका संध्याकाळी वहिनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. "भावजी, ह्यांची तिकिटं आहेत. नातू म्हणतो यातलं एक काही कोटींचं आहे."

मी हसलो. हसायला नको होतं. कारण वहिनी हसत नव्हत्या. नातवाने फोनवर फोटो मोठा करून पाहिला होता, तिकिटाच्या कडेच्या नक्षीत त्याला ७७ हा आकडा दिसला होता, आणि '७७ नंबरचं पेनी रेड' पाच लाख पौंडांच्या आसपास विकलं गेल्याचं त्याने वाचलं होतं. हे खरंच आहे. म्हणजे आपल्या पैशांत चार-पाच कोटी. नातवाने उत्साहाच्या भरात तो फोटो दोन-चार ठिकाणी पाठवला, आणि एका गृहस्थांचा फोन आला: तिकीट अस्सल वाटतं, मी घ्यायला तयार आहे, फक्त तपासणीची फी म्हणून पंधरा हजार रुपये आधी पाठवा. वहिनी दुसऱ्या दिवशी बँकेत जाणार होत्या. जाण्याआधी एकदा मला विचारावं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

आता मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, तज्ज्ञ वगैरे नाही. पण साठ वर्षं तिकिटं जमवतोय. मी भिंग काढलं, चिमटा काढला आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो.

पहिला प्रश्न: हे तिकीट कुठलं? त्यावर देशाचं नावच नाही. राणीचं डोकं, वर 'पोस्टेज', खाली 'वन पेनी', चार कोपऱ्यांत चार इंग्रजी अक्षरं, बस्स. तिकिटावर देशाचं नाव न छापण्याचा मान जगात एकट्या ब्रिटनला आहे, कारण चिकटवायचं तिकीट पहिल्यांदा काढलं त्यांनी. आजही ते नाव छापत नाहीत, राजाराणीचं चित्र पुरेसं. त्यामुळे राणी व्हिक्टोरिया आहे आणि देशाचं नाव नाही, म्हणजे ते ब्रिटनचं. आपल्याकडच्या तिकिटांवरही तीच राणी असे, पण त्यावर 'इंडिया' लिहिलेलं असे.

युरोपातली बाकीची तिकिटं ओळखायला नावं ठाऊक असावी लागतात, आणि ती नावं आपण भूगोलात शिकलो ती नसतात. 'हेल्व्हेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, 'माग्यार' म्हणजे हंगेरी, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'स्व्हेरिये' म्हणजे स्वीडन. माझ्या लहानपणी आमच्या वर्गातला एक मुलगा हेल्व्हेशिया नावाचा देश नकाशात आठवडाभर शोधत होता. तो मुलगा मीच.

पुन्हा लाल तिकिटाकडे येऊ. ते लाल का, ही गोष्ट मजेची आहे. १८४० साली मे महिन्यात ब्रिटनने जगातलं पहिलं तिकीट काढलं, ते काळं होतं. पेनी ब्लॅक. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र एका पेनीत देशात कुठेही. त्यावर शिक्का मारायचे लाल शाईने. पण ती लाल शाई पुसली जायची आणि लोक तेच तिकीट पुन्हा चिकटवायचे. (इथे हॉलमध्ये हशा.) हसू नका, आपणही कोरं राहिलेलं तिकीट वाफेवर सोडवून वापरलेलं आहे. मग १८४१ मध्ये पोस्टाने उलटं केलं: तिकीट लाल, शिक्का काळा. काळ्या शाईचा शिक्का लाल तिकिटावरून पुसणं कठीण. तेव्हापासून जवळजवळ चाळीस वर्षं हे एक पेनीचं लाल तिकीट छापलं जात होतं. कोट्यवधी नव्हे, अब्जावधी.

आता कोपऱ्यांतली अक्षरं. वहिनींच्या तिकिटावर खालच्या डाव्या कोपऱ्यात 'के' आणि उजव्या कोपऱ्यात 'जी' होतं. वहिनींना वाटलं ही कुणाच्या नावाची आद्याक्षरं. तसं नाही. एका पत्र्यावर २४० तिकिटं छापत: वीस ओळी, प्रत्येक ओळीत बारा. २४० का? कारण तेव्हा २४० पेन्सचा एक पौंड आणि बारा पेन्सचा एक शिलिंग. म्हणजे एक ओळ एक शिलिंगाची, अख्खा पत्रा एक पौंडाचा. पोस्टातल्या कारकुनाला हिशेब सोपा. आमच्या पिढीला बारा पै म्हणजे एक आणा हे पाठ होतं, त्यामुळे मला यात काही नवल वाटत नाही. तरुणांनी मोबाइलवर गुणाकार करून पाहावा. तर पहिलं अक्षर ओळीचं आणि दुसरं त्या ओळीतल्या जागेचं. 'के जी' म्हणजे अकरावी ओळ, सातवं तिकीट. पहिलं तिकीट 'ए ए', शेवटचं 'टी एल'.

जुन्या तिकिटांवर ही अक्षरं फक्त खालच्या दोन कोपऱ्यांत असत. मग लोकांनी आणखी एक युक्ती काढली: दोन वापरलेल्या तिकिटांचे शिक्का न लागलेले अर्धे भाग जोडायचे आणि एक नवं तिकीट तयार करायचं. म्हणून वरच्या कोपऱ्यांतही तीच अक्षरं उलट क्रमाने आली. खाली 'के जी' तर वर 'जी के'. जोड लावलेलं तिकीट लगेच पकडलं जातं. माणसाची लबाडी आणि पोस्टाची शहाणपण यांची ही शर्यत मला फार आवडते.

याच चार अक्षरांच्या तिकिटांत, दोन्ही बाजूंच्या उभ्या नक्षीत, छपाईच्या प्लेटचा नंबर कोरलेला असतो. तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांनी नक्षीच वाटतो. भिंग लावून, तिकीट जरा इकडेतिकडे फिरवून बघावं लागतं. हे नंबर ७१ पासून २२५ पर्यंत आहेत, मधले काही गाळलेले. ७५, ७७, १२६ आणि १२८ या प्लेटी सदोष म्हणून वापरातच आल्या नाहीत. निदान तसं ठरलं होतं. पण ७७ नंबरच्या प्लेटवर छापलेली थोडी तिकिटं कशी कोण जाणे बाहेर गेली, लोकांनी ती पत्रांवर चिकटवली आणि ती पत्रं पोचलीसुद्धा. आज अशी तिकिटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातलं एक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, टॅपलिंग संग्रहात आहे. कोटींचा आकडा येतो तो असा.

मी भिंग लावलं. डाव्या बाजूच्या नक्षीत खरंच ७७ होतं. स्वच्छ. माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. वहिनींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या पुढे सरकल्या. मग मी उजव्या बाजूला गेलो, कारण नंबर दोन्हीकडे असतो. तिथे १७७ होतं.

पुन्हा डावीकडे. आता नीट दिसलं. पोस्टाच्या शिक्क्याची एक जाड काळी रेघ नेमकी '१' वरून गेली होती. मोबाइलच्या फोटोत ती रेघच दिसत होती, तिच्याखालचा आकडा नाही. नातवाची काही चूक नव्हती. त्याने जे दिसलं ते वाचलं. फक्त एकच बाजू वाचली.

मंडळी, ही चूक इतकी जुनी आहे की तिच्यावर काही लोकांनी धंदा केला आहे. १७७ नंबरच्या तिकिटावरचा '१' पात्याने खरवडून ७७ करायचं. अशी खरवडलेली तिकिटं बाजारात आलेली आहेत. ती ओळखायला जागेचा अंदाज घ्यायचा: तीन आकड्यांना जेवढी जागा लागते तेवढी दोन आकड्यांना लागत नाही, त्यामुळे आकड्याशेजारी एक रिकामी, उघडी जागा राहते आणि नक्षी तुटलेली दिसते. तिकीट उजेडासमोर धरलं तर तिथे कागद पातळ झालेला कळतो.

१७७ नंबरच्या वापरलेल्या तिकिटाची किंमत? जेमतेम काही पौंड, तीही तिकीट चांगलं असेल तर. वहिनींच्या तिकिटाचे खालचे दोन दाते तुटलेले होते आणि शिक्का राणीच्या तोंडावरच बसला होता. मी म्हटलं, "वहिनी, वड्यांची एक प्लेट येईल." त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं झालं बँकेत गेले नाही."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. तपासणीची फी आधी मागणारा माणूस खरा की खोटा हे मला ठाऊक नाही, त्याच्याशी मी बोललोही नाही. पण एक गोष्ट सांगतो: ज्याला तिकीट विकत घ्यायचं असतं तो तुमच्याकडून पैसे मागत नाही. ज्यांच्याकडे तिकीट तपासायला पाठवतात त्या मान्यवर संस्था फी घेतात आणि छायाचित्रासह प्रमाणपत्र देतात, लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी त्यातली एक. पण त्या तिकीट विकत घेत नाहीत. तपासणारा आणि घेणारा एकच असला तर उठून घरी यावं. आणि शंभर-दोनशे रुपयांच्या तिकिटाला प्रमाणपत्र काढू नये, फीच जास्त होईल.

आता इथे कुणाच्या तरी मनात येणारच की दीडशे वर्षांचं तिकीट आणि दोनशे रुपये? जुनं असून इतकं स्वस्त? हाच आपला सगळ्यांचा गोंधळ आहे. आपण तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखं तिकिटालाही समजतो. तिकिटाचं वय कुणी विचारत नाही. ते किती उरलं आहे आणि किती जणांना हवं आहे, एवढंच. पेनी ब्लॅकसुद्धा छापली होती सहा कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांच्या वर. त्यातल्या पुष्कळ आजही शिल्लक आहेत, कारण लोकांनी पत्रं जपली. तिला किंमत आहे, चांगली आहे, पण ती दुर्मीळ नाही.

आणि तिकिटावर छापलेला आकडा तर पूर्ण विसरा. ए विंगमधला एक मुलगा माझ्याकडे जर्मनीचं तिकीट घेऊन आला होता, त्यावर लिहिलेलं पन्नास मिलियार्ड मार्क. म्हणजे पन्नास अब्ज, आपले पाच हजार कोटी. १९२३ साली जर्मनीत पैशाची किंमत तासातासाला घसरत होती, तेव्हा साध्या पत्रावर असली तिकिटं लावावी लागत. ती कोरी तिकिटं ढिगांनी शिल्लक राहिली, म्हणून त्यांची किंमत काहीच नाही. गंमत अशी की तीच तिकिटं त्या काळात खरोखर पत्रावर वापरली गेली असतील तर त्यांना किंमत जास्त, कारण ती फार थोडे दिवस वापरात होती. नेहमी कोरं तिकीट महाग, वापरलेलं स्वस्त, इथे उलटं. म्हणून त्यावर नंतर खोटे शिक्के मारण्याचा उद्योगही झाला. त्या मुलाचं तिकीट कोरंच होतं. त्याने ते वहीत लावून खाली 'पाच हजार कोटी' असं लिहून ठेवलं आहे आणि तो खूश आहे.

स्वीडनची एक गोष्ट मात्र खरी आहे आणि तीच सगळ्यांना बिघडवते. १८५५ चं तीन स्किलिंगचं तिकीट हिरवं असायला हवं होतं. चुकून एक पिवळं छापलं गेलं. एका शाळकरी मुलाला ते आजीकडच्या जुन्या पत्रांत सापडलं आणि त्याने ते एका व्यापाऱ्याला सात क्रोनरला विकलं. १९९६ मध्ये झुरिकच्या लिलावात त्याला वीस लाख डॉलरहून जास्त आले. आतापर्यंत दुसरं पिवळं सापडलेलं नाही. आजीकडच्या डब्यात असं काहीतरी असणारच, असं वाटायला लावणारी ही एकच गोष्ट पुरेशी आहे.

तरीही डबा पूर्ण बघावा. वहिनींच्या डब्यात आणखी पाच लाल पेनी होत्या. त्या मी एकेक करून पाहिल्या. नंबर सगळे साधे. पण त्यातलं एक तिकीट पाकिटाच्या फाटलेल्या तुकड्यावर तसंच चिकटलेलं होतं आणि त्याच्या शिक्क्यात 'ए २५' असं होतं. त्या काळी ब्रिटनच्या प्रत्येक पोस्टाला एक क्रमांक होता आणि तो शिक्क्याच्या मधोमध असे. ए २५ म्हणजे माल्टा. भूमध्य समुद्रातलं बेट. तिथे ब्रिटिश पोस्ट होतं, ब्रिटनचीच तिकिटं वापरत. ए २६ असतं तर जिब्राल्टर. तेच लाल तिकीट, पण परदेशात वापरलेलं, म्हणून त्याची किंमत त्याच्या भावंडांपेक्षा कितीतरी पट. कोटी नाही हो, हजारांच्याच घरात. पण वहिनींच्या यजमानांनी ते पाकिटावरून न सोडवता, तुकड्यासकट ठेवलं होतं. त्यांना ए २५ कळलं होतं की आळस केला, हे आता विचारता येणार नाही. मला वाटतं कळलं होतं. त्यांनी तुकड्याच्या मागे पेन्सिलीने एक छोटीशी फुली केली होती.

आता माझं पाप सांगतो. मी सातवीत असताना आमच्या एका दूरच्या काकांकडची जुनी पत्रं मला मिळाली. युरोपातून आलेली, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. मी काय केलं? बादलीत पाणी घेतलं, सगळी पाकिटं त्यात बुडवली, तिकिटं सोडवून ब्लॉटिंग पेपरवर वाळवली आणि पाकिटं बंबात घातली. त्यातल्या काहींवर सेन्सॉरच्या पट्ट्या होत्या, काहींवर दोन-तीन देशांचे शिक्के होते, हे मला आता आठवतं. तिकिटं अजून माझ्याकडे आहेत. दोन-दोन रुपयांची. पाकिटं असती तर त्यांचा प्रवास वाचता आला असता. आईने बंब लावताना विचारलंही होतं, "अरे, हे जाळायचं ना नक्की?" मी हो म्हटलं.

किंमत कशी ठरते, थोडक्यात. कॅटलॉग असतात: ब्रिटनसाठी स्टॅन्ली गिबन्सचा, जर्मनीसाठी मिशेल, फ्रान्ससाठी ईव्हेर. तिकीट त्यात शोधायला रंग आणि चित्र पुरत नाही. दाते मोजावे लागतात, दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं आहेत ते. १८५४ पूर्वीच्या लाल पेनींना दातेच नाहीत, कात्रीने कापत. त्यानंतर आधी सोळा दात्यांची आली, मग चौदा. कागदातला वॉटरमार्क बघावा लागतो, लहान मुकुट की मोठा. दिसायला जुळी तिकिटं आणि किमतीत शंभरपट फरक, तो अशा ठिकाणी असतो. आणि कॅटलॉगमधली किंमत म्हणजे दुकानदार उत्तम प्रत ज्या भावाला विकतो तो भाव. तुम्ही विकायला गेलात तर त्याच्या पाव हिश्श्याचीही खात्री नाही. रद्दीवाला पुस्तकाची छापील किंमत देतो का?

आपल्याकडे मोठा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर तिकिटावर तपकिरी ठिपके पडतात आणि कोऱ्या तिकिटाचा डिंक पानाला चिकटतो. अल्बम उभे ठेवा, कोरड्या कपाटात ठेवा, पावसाळ्यात मधूनमधून वारा द्या. सेलोटेप कधीही लावू नका. वहिनींच्या डब्यातल्या तिकिटांना पत्र्याच्या झाकणाने वाचवलं, हे खरं.

वहिनींनी काय केलं ते सांगतो आणि थांबतो, कारण वड्यांचा वास यायला लागला आहे. दुरुस्तीचे पैसे त्यांनी हप्त्याने भरले, कमिटीने तशी सोय करून दिली, त्याबद्दल कमिटीचे आभार. माल्टाचं तिकीट विकायचं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नातवाला विचारून सांगते. नातू दिवाळीत पुण्याहून आला, येताना दहापट मोठं दिसणारं भिंग घेऊन आला, आणि दोन दिवस डबा सोडून उठला नाही. १७७ नंबरचं तिकीट त्याने वेगळ्या पानावर लावलं आहे. शेजारी पेन्सिलीने लिहिलंय: 'उजवी बाजू बघ.' माल्टाचं तिकीट अजून विकलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात भिंग घेऊन बसणार आहे. कुणाकडे जुने डबे, अल्बम, आजोबांची पत्रं असतील तर घेऊन या. फक्त येण्याआधी काही पाण्यात घालू नका, आणि पाकिटं फाडू नका.